अळूचे पान, रसास्वाद आणि अनुल्लेखित आचारी

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाचे स्वरूप उलगडताना भरत पंगतीतल्या अनुभवाचा आधार घेतो, ही गोष्ट साहित्यशास्त्राच्या पहिल्याच तासाला विद्यार्थ्याच्या कानावर पडते आणि बहुधा तेथेच राहते. नाना पदार्थांच्या संयोगाने सिद्ध झालेले अन्न चवीने खाणारा मनुष्य आणि नाट्यप्रयोग पाहणारा प्रेक्षक यांच्यात भरत साम्य पाहतो. दोघांनाही तो 'सुमनस' असे एकच विशेषण लावतो. या उपमेची व्याप्ती किती, ती केवळ दृष्टांत आहे की सिद्धांताचा गाभा, रस रंगभूमीवर मानावा की प्रेक्षकाच्या ठायी, यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. 'व्यंजन' आणि 'व्यंजना' हे दोन्ही शब्द एकाच धातूतून आलेले असल्यामुळे स्वयंपाकघर आणि काव्यशास्त्र यांच्यातली भिंत मुळातच पातळ आहे, हेही अनेकांनी दाखवून दिले आहे. मात्र या उपमेतील एका अनुपस्थितीकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. तीत जेवणारा आहे, अन्न आहे, अन्नात पडलेली द्रव्ये आणि वनस्पती आहेत, जेवणाराला होणारा हर्षही आहे. आचारी मात्र नाही. नाट्याच्या बाजूला नट असतोच. उपमेच्या अन्नाच्या बाजूला त्याच्या जागी कोणीच उभे केलेले नाही. अन्न जणू आपोआप शिजते आणि ताटात येऊन पडते.

दुसरी गोष्ट याहून विलक्षण आहे. रसाच्या उलगड्यासाठी जो ग्रंथ भोजनाचा आधार घेतो, तोच ग्रंथ रंगमंचावर भोजन दाखवू नये असे बजावतो. शयन, चुंबन, आलिंगन, जलक्रीडा यांच्या यादीत भोजनही आहे. म्हणजे उपमान म्हणून जेवण चालते, दृश्य म्हणून चालत नाही. यामागचे कारण केवळ सभ्यतेचे संकेत एवढेच असेल असे मला वाटत नाही. आस्वादाची भाषा जेवणावरून उचलायची असेल, तर प्रत्यक्ष जेवण दृष्टीआड असणे आवश्यक असते. ते समोर आले की रूपक आणि वस्तू यांची गाठ पडते आणि रूपक अडचणीत येते.

ही अडचण प्रत्यक्ष पाहण्याचा योग अलीकडे हवाई द्वीपसमूहातील ओआहू या बेटावर सुट्टीसाठी गेले असता आला. आप्तांच्या आग्रहाने मी तेथील एका 'लुआऊ'ला, म्हणजे समुद्रकिनारी होणाऱ्या भोजनासहित नृत्यप्रयोगाला बसले. ('आग्रहाने' या शब्दात थोडी लबाडी आहे. मला जायचे होतेच. अभ्यासक म्हणून जावे की पाहुणी म्हणून, एवढाच निर्णय होत नव्हता.) इंग्रजीत ज्याला डिनर थिएटर म्हणतात त्याचाच हा बेटावरचा प्रकार. त्यासाठी येथे 'भोजनप्रयोग' हा शब्द सोयीपुरता वापरते. विशिष्ट संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण या प्रयोगांची रचना इतकी ठरून गेली आहे की एकाचे वर्णन बहुतेकांचे होऊ शकते. सूर्यास्तापूर्वी पाहुण्यांच्या गळ्यात माळा घातल्या जातात. मद्याचा पहिला पेला तिकिटात धरलेला असतो. लांबलचक मेजांवर अनोळखी कुटुंबे शेजारी शेजारी बसवली जातात. मग जमिनीतल्या भट्टीतून अख्खा डुक्कर बाहेर काढण्याचा सोहळा, मग जेवण, आणि जेवण चालू असतानाच नृत्ये: हवाईचा हुला, ताहितीचे ढोलांच्या गतीवरचे कटिचालन, माओरी लोकांचा हाका, आणि सर्वांत शेवटी पेटते खड्ग फिरवणारा सामोआचा नर्तक. एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असलेली बेटे तासाभरात एका रंगमंचावर ओळीने येऊन जातात.

शेवटच्या खड्गनृत्याला सर्वाधिक टाळ्या मिळतात आणि प्रेक्षक त्याला या कार्यक्रमातले सर्वांत आदिम दृश्य समजतो. वास्तविक सामोआच्या पारंपरिक खड्गाला आगीची जोड १९४६ साली, आणि तीही सॅन फ्रान्सिस्को शहरात, फ्रेडी लेटुली या सामोअन कलावंताने दिली. मी ही माहिती तक्रार म्हणून देत नाही. परंपरा अशाच वाढतात. या क्रमामागचे नाट्यशास्त्र मात्र ध्यानात घेण्याजोगे आहे: पोट भरलेला प्रेक्षक सुस्तावतो, म्हणून शेवट डोळे दिपवणारा हवा. येथे प्रयोगाची रचना कथानक ठरवत नाही, पचनक्रिया ठरवते.

आता नावाविषयी. 'लुआऊ' या शब्दाचा हवाई भाषेतला मूळ अर्थ मेजवानी असा नाही. लुआऊ म्हणजे अळूचे कोवळे पान. नारळाच्या दुधात कोंबडीच्या किंवा ऑक्टोपसच्या मांसाबरोबर शिजवलेल्या या पानांच्या पदार्थावरून संपूर्ण भोजनालाच ते नाव पडले. त्याआधी मेजवानीसाठी 'पाइना' किंवा 'अहाआइना' हे शब्द होते. 'लुआऊ'चा हा नवा वापर निदान १८५६ पासूनचा आहे, असे कोशकार नोंदवतात. लग्नाच्या पंगतीत अळूची पातळ भाजी वाढली जाते अशा समाजातून गेलेल्या मला हा अर्थ कळला तेव्हा जो आनंद झाला तो शास्त्रीय नव्हता, हे कबूल करायला हवे. परक्या प्रयोगात ओळखीचे पान सापडले की आपण पाहुणे नसून सोयरे आहोत असा भ्रम होतो. हा भ्रम त्या संध्याकाळी फार वेळ टिकला नाही.

अळूचा कंद हा हवाईचा प्रधान अन्नघटक. त्याला तेथे 'कालो' म्हणतात. कंद शिजवून, दगडी बत्त्याने कुटून, पाणी घालून सैल केला की 'पोई' होते: जांभळट करड्या रंगाचा, दिवसागणिक आंबट होत जाणारा लगदा. दाटपणा बोटांनी मोजतात. एका बोटावर उचलता येते ती दाट, दोन बोटे लागतात ती सैल. भोजनप्रयोगात ही पोई लहानशा वाटीत ठेवलेली असते आणि तिच्यावर विनोद होतो. निवेदकाने पाहुण्यांना ती चाखायला सांगितले, आणि लगेच, भिंतीला कागद चिकटवायचा असेल तर उरलेली घरी न्या, अशा अर्थाचे काहीतरी म्हटले. सगळे हसले. माझ्या मेजावरच्या बहुतेकांनी वाटीला हात लावला नाही.

या लगद्यामागे असलेली कथा हवाईच्या परंपरेत सृष्टीच्या उत्पत्तीशी जोडलेली आहे. आकाशपिता वाकेआ आणि होओहोकूकलानी यांचे पहिले अपत्य मृत जन्मले. त्याला जमिनीत पुरले, आणि त्या जागी अळूचे रोप उगवले. त्याचे नाव हालोआ. नंतर जन्मलेल्या दुसऱ्या मुलालाही तेच नाव दिले गेले आणि तो मानवांचा पूर्वज झाला. अळू हा माणसाचा थोरला भाऊ आहे. 'ओहाना' हा कुटुंबवाचक शब्द अळूच्या मुख्य कंदाला फुटणाऱ्या 'ओहा' या उपकंदांवरून आला, असे मानले जाते. ज्याने परसातला अळू खणून पाहिला आहे त्याला हे रूपक समजावून सांगावे लागणार नाही. पोईचे पात्र उघडे असताना घरात भांडू नये असा संकेत आहे, कारण त्या वेळी वडीलधारा समोर बसलेला असतो. आणि नेमक्या याच पात्रावर खळ म्हणून विनोद होतो.

येथे निवेदकाच्या भूमिकेचा थोडा विचार करायला हवा. भोजनप्रयोगात तो सूत्रधारही असतो आणि विदूषकही. खाण्यावरचा विनोद ही संस्कृत नाटकात विदूषकाचीच मिरास आहे. मोदकाच्या आठवणीने व्याकूळ होणारा हा ब्राह्मण नायकाच्या विरहाला पोटाच्या पातळीवर आणतो. परंतु विदूषक हसवतो ते स्वतःच्या खादाडपणाला. भोजनप्रयोगातला निवेदक हसवतो ते अन्नाला, आणि पुष्कळदा ते त्याच्या स्वतःच्या घरचे अन्न असते. याचे दोन अर्थ संभवतात. एक उघड आहे: ग्राहकाच्या जिभेचे मत अगोदरच स्वीकारून त्याला खूष करणे. दुसरा मला नंतर सुचला आणि तो मी आग्रहाने मांडत नाही. थोरल्या भावाची चेष्टा करून पाहुण्यांचा हात त्याच्यापासून दूर ठेवणे, ही त्याला वाचवण्याचीही रीत असू शकते. ज्यांना ते अन्न नातलग म्हणून कळणार नाही त्यांना ते न आवडलेलेच बरे. अधिपत्याखालच्या समाजाचा विनोद अशी दुहेरी कामे करतो, हे तमाशातल्या सोंगाड्याची परंपरा जाणणाऱ्याला नवीन नाही.

आचाऱ्याचा प्रश्न भट्टीपाशी अधिक स्पष्ट होतो. 'इमू' म्हणजे खड्डा खणून, तापलेले दगड घालून, पानांनी व मातीने झाकून केलेली भट्टी. तीत तासन्‌तास शिजलेल्या मांसाला 'कालुआ' म्हणतात, आणि त्या शब्दातल्या 'लुआ'चा अर्थही खड्डा असाच आहे. भोजनप्रयोगात इमू उघडण्याचा सोहळा होतो: शंखध्वनी, कटिवस्त्रे नेसलेले तरुण, वाफ, आणि छायाचित्रांसाठी उंचावलेले शेकडो हात. पुढे मेजांवर आलेले मांस मात्र त्या एका डुकराचे असू शकत नाही, एवढे अंकगणित कोणालाही करता येईल. बाकीचे कोठेतरी आड, विजेच्या दिव्यांखाली, मोठ्या भांड्यांतून शिजलेले असणार. डीन मॅककॅनेल यांनी १९७३ मध्ये पर्यटनाच्या संदर्भात 'रचलेली अस्सलता' ही कल्पना मांडली. गॉफमन यांच्या दर्शनी जागा आणि मागची जागा या भेदाचा आधार घेऊन त्यांनी म्हटले की पर्यटकाला मागची जागा पाहण्याची ओढ असते, म्हणून पर्यटनव्यवसाय मागच्या जागेचाच देखावा उभा करतो. इमूचा सोहळा हा याचा नमुनाच. परंतु मॅककॅनेल यांच्या मांडणीत फसवणूक ज्ञानाची होते: पर्यटकाला खरे कळत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते निराळे. येथे स्वयंपाक रंगमंचावर आणला आहे आणि आचारी रंगमंचावरून घालवला आहे. भट्टी उघडणारे तरुण नर्तक असतात, शिजवणारे नव्हेत. भरताच्या उपमेत जो सहजपणे गळला, तो येथे योजनापूर्वक गाळला जातो.

हवाईच्या इतिहासात आचारी कोण होता हे ठाऊक असले की ही गाळणी अधिक खुपते. १८१९ पूर्वी 'आइ कापू' या निर्बंधव्यवस्थेनुसार स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवणे निषिद्ध होते. डुकराचे मांस, नारळ आणि केळ्यांच्या बहुतेक जाती स्त्रियांना वर्ज्य होत्या. स्वयंपाक पुरुष करीत, आणि तो दोन वेगवेगळ्या इमूंत करीत: एक पुरुषांच्या अन्नासाठी, एक स्त्रियांच्या. १८१९ च्या मे महिन्यात पहिला कामेहामेहा वारला. त्याच वर्षी कैलुआ येथे झालेल्या मेजवानीत त्याचा वारस लिहोलिहो स्त्रियांच्या मेजापाशी गेला, तेथे बसला आणि जेवला. त्याची आई केओपुओलानी आणि दिवंगत राजाची प्रभावशाली राणी काआहुमानू यांचा या कृतीमागे पाठिंबा आणि दबाव होता. त्या एका जेवणाने निर्बंधांची अख्खी व्यवस्था कोसळली. देवळे आणि मूर्ती नष्ट करण्याच्या आज्ञा सुटल्या; जुन्या धर्माच्या बाजूने केकुआओकलानी लढला आणि कुआमोओच्या लढाईत मारला गेला. ख्रिस्ती मिशनरी १८२० मध्ये पोचले, म्हणजे हे सर्व झाल्यावर.

मराठी वाचकाला येथे सहभोजनाच्या चळवळींची आठवण होईल, आणि ती अस्थानी नाही. कोणी कोणाबरोबर, कोणाच्या हातचे जेवावे हा सत्तेचा प्रश्न असतो, हे आपल्याला पंक्तिभेदाने शिकवले आहे. मला या प्रसंगाचे महत्त्व आणखी एका दृष्टीने वाटते. प्रेक्षकांसमोर, ठरवून केलेली, परिणामांची पूर्ण जाणीव असलेली भोजनाची कृती, असे १८१९ च्या त्या मेजवानीचे वर्णन करता येते. भोजनप्रयोग याहून वेगळा काय असतो? त्या जेवणात पाहणारा आणि जेवणारा दोघेही बदलले. आजच्या लुआऊत कोणीच बदलणार नाही याची हमी तिकिटात दिलेली असते. योगायोगाने आज त्या लांब मेजांवर स्त्री-पुरुष एकत्रच बसतात आणि डुकराचे मांस दोघांनाही वाढले जाते. हे कशामुळे शक्य झाले याचा उल्लेख निवेदकाच्या बोलण्यात आला नाही.

आता आस्वादाविषयी. अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली. त्यांपैकी एक म्हणजे प्रेक्षकाने आपल्या वैयक्तिक सुखदुःखात गुंतून राहणे. भोजनप्रयोग या विघ्नावरच उभा आहे. ताटातला घास, शेजाऱ्याचा धक्का, संपत आलेला पेला, गोड पदार्थ संपण्यापूर्वी रांगेत पोचण्याची घाई हे सारे निजसुखच. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त सौंदर्यविचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव कल्पिले. भोजनप्रयोगात हे दोन्ही ध्रुव एकाच खुर्चीत बसवण्याचा प्रयत्न होतो आणि अलौकिकाची बाजू दर वेळी उठून रांगेत जाते. कांटने १७९० मध्ये जिभेला रुचणारे आणि सुंदर यांच्यात रेषा ओढली ती याच भयाने असावी.

ब्रेख्टने हे भय उलटे वापरले. 'महागनी' या संगीतिकेवरच्या १९३० मधील टिपणात त्याने रूढ संगीतिकेला 'पाकरुचीची' कला म्हटले: जी प्रेक्षकाला चवीने गिळता येते आणि पचल्यावर तिचे काही उरत नाही. त्या संगीतिकेत एक पात्र अतिभोजनाने मरतेही. भरतासाठी जेवण हे कलानुभवाचे प्रतिमान आहे, ब्रेख्टसाठी ते कलेच्या ऱ्हासाचे. इतक्या परस्परविरोधी मूल्यांकनांतही दोघांत एक गोष्ट समान आहे: विचार जेवणाराचाच होतो. रिचर्ड शेखनर यांनी २००१ मध्ये रसविचाराला पुन्हा तोंडाशी आणि आतड्यांशी नेऊन भिडवले, पाश्चात्य रंगभूमीच्या नेत्रकेंद्री परंपरेला पर्याय म्हणून. रसाला त्याचे शरीर परत मिळवून देण्याचा हा प्रयत्न मला मोलाचा वाटतो. पण शेखनर यांना सापडलेले शरीरही खाणाराचेच आहे. भाजलेल्या बोटांचे, कुटून दुखणाऱ्या खांद्यांचे शरीर त्यात नाही.

आपल्याकडची आस्वादक समीक्षा या प्रश्नापासून दूर आहे असे समजण्याचे कारण नाही. 'आस्वाद', 'रसग्रहण', 'रुची', 'अभिरुची' ही आपली परिभाषा आपल्याला सतत पाहुण्याच्या जागी बसवते. पाहुण्याने चव सांगावी, दाद द्यावी. भांडी कोण घासते हे विचारणे अशिष्ट. अनेक दशकांच्या दलित साहित्यविचाराने या परिभाषेला हादरे दिल्यानंतरही, प्रयोगरूप कलांविषयी लिहिताना आपली लेखणी याच शब्दांकडे वळते. पणजीला मांडवी नदीत फिरणाऱ्या बोटींवर पर्यटकांसमोर देखणी आणि फुगडी होते. तिच्याविषयी लिहायचे झाले तर आपण 'अस्सल' आणि 'बाजारू' या दोन शब्दांच्या पलीकडे कितपत जाऊ, याची मला शंका आहे.

हवाईतल्या विचारवंतांनी मात्र हा प्रश्न कडवटपणे मांडला आहे. हौनानी-के ट्रास्क यांनी १९९३ च्या 'फ्रॉम अ नेटिव्ह डॉटर' या ग्रंथात पर्यटनव्यवसायाने हवाईच्या संस्कृतीचे जे केले त्यासाठी वेश्याव्यवसायाचे रूपक योजले. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानीची सत्ता उलथवली गेली, १८९८ मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली, १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले. या घटनाक्रमाच्या शेवटी जी संस्कृती उरली तिच्या देहाची विक्री म्हणजे लुआऊ, अशी ही मांडणी. तिचा राग न्याय्य आहे. कोडॅक या छायाचित्रफितीच्या कंपनीने १९३७ मध्ये वायकिकीला सुरू केलेला हुलाचा कार्यक्रम २००२ पर्यंत चालला. फितीला पुरेसा उजेड मिळावा म्हणून तो दिवसा होत असे. रात्रीच्या मशालींपासून दुपारच्या उन्हापर्यंत एखादी कला कॅमेऱ्याच्या गरजेने खेचली जाते, तेव्हा ट्रास्क यांच्या रूपकाला उत्तर देणे अवघड होते.

तरीही ते रूपक मला अपुरे वाटते, आणि कारण पुन्हा तेच: विकली जाणारी व्यक्ती त्यात केवळ वस्तू उरते, ती काय करते, हा प्रश्न उरत नाही. ॲड्रिया इमाडा यांनी 'अलोहा अमेरिका' (२०१२) या ग्रंथात १८९० च्या दशकापासून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर दौरे करणाऱ्या हुला नर्तिकांचा इतिहास शोधला आहे. साम्राज्याच्या करमणुकीसाठी नाचणाऱ्या या स्त्रिया त्याच नृत्यातून स्वतःचे काही वाचवत, नेत आणि परत आणत होत्या, असे त्यांच्या अभ्यासातून दिसते. हे समजून घ्यायचे तर हुलाचे स्वरूप नीट पाहावे लागेल. हुलामध्ये हातांपेक्षा शब्द आधी येतो. 'मेले' म्हणजे काव्य. नृत्य हा त्या काव्याचा दृश्य उच्चार. काव्य नसेल तर हुला नाही. आणि या काव्यात 'कओना' नावाचा दडलेला अर्थ असतो. पावसाचे, वाऱ्याचे, एखाद्या फुलाचे नाव वरवर निसर्गवर्णन असते. जाणत्याला त्यात प्रियकर, राजवंश, कधी गमावलेली सत्ता ऐकू येते. ध्वनिसिद्धांताच्या अभ्यासकाला हे परके वाटणार नाही, मात्र एक भेद आहे. आनंदवर्धनाचा ध्वनी सहृदयापर्यंत पोचण्यासाठी असतो. कओना काही श्रोत्यांपर्यंत पोचण्यासाठी आणि काहींपर्यंत न पोचण्यासाठी असतो. १८३० मध्ये काआहुमानूने सार्वजनिक हुलावर बंदी घातली, १८८३ च्या राज्याभिषेकात कालाकाउआ राजाने त्याला प्रतिष्ठा परत दिली. या साऱ्या काळात ही अर्थाची दुसरी थाळी झाकून ठेवण्याची सोय त्या कवितेत होती.

हे सर्व मी नंतर वाचून जोडले. त्या संध्याकाळी मला एवढेच दिसले की जेवणाच्या ऐन मध्यावर दिवे मंद झाले आणि एका वयस्क स्त्रीने वाद्याशिवाय 'ओली' म्हटली. ओली म्हणजे नृत्य नसलेले पठण. तिचा अनुवाद झाला नाही, निवेदकाने तिच्यावर विनोद केला नाही, हातांच्या खुणा नव्हत्या, कॅमेऱ्याला टिपण्यासारखे काही नव्हते. सबंध कार्यक्रमात पाहुण्यांसाठी न सजवलेला असा हा एकच भाग होता. आणि याच वेळी बहुसंख्य पाहुणे नारळाच्या वड्या आणायला उठले. मीही उठणार होते. शेजारच्या खुर्च्या रिकाम्या झाल्यामुळे मला समोरचे दिसले, म्हणून बसून राहिले.

आमच्या मेजावरची ताटे उचलणारी, पन्नाशीच्या आसपासची एक बाई त्या वेळी तीन-चार उष्टी ताटे हातावर तोलून उभी होती. तिचे ओठ हलत होते. पठणाबरोबर, शब्दाला शब्द. पठण संपेपर्यंत ती हलली नाही. नंतर पाठमोरी होऊन स्वयंपाकघराच्या दिशेने गेली.

रसिकाची जी लक्षणे आपण शिकवतो, म्हणजे काव्याच्या सततच्या परिशीलनाने मन आरशासारखे स्वच्छ झालेले असणे, वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची योग्यता असणे, ती लक्षणे त्या मैदानावरच्या शेकडो तिकीटधारकांत कोणाला लागू पडली असतील असे मला वाटत नाही. मला तर नक्कीच नाही. मी शब्दही ओळखत नव्हते. कोणी म्हणेल, ती बाई रोज रात्री तेच पठण ऐकते, म्हणून तिला ते पाठ झाले असेल. त्यात भाषा किती आणि नोकरी किती हे तुम्हाला काय ठाऊक? मला ठाऊक नाही. पण 'अभ्यास' म्हणजे तरी दुसरे काय असते? अडचण निराळीच आहे. तिला प्रेक्षक म्हणता येत नाही, कारण प्रयोग तिच्यासाठी नव्हता. नट म्हणता येत नाही. भोजनाच्या बाजूनेही ती जेवणारी नाही. उपमेच्या ज्या रिकाम्या जागेविषयी मी सुरुवातीला लिहिले त्या जागेच्या ती जवळ आहे, मात्र ती जागा द्रव्ये शिजवणाराची होती, आस्वाद घेणाराची नव्हे. या दोन्ही जागा एका व्यक्तीच्या ठायी एकत्र येऊ शकतात, हातावर उष्टी ताटे असताना, ही शक्यता ना भरताने विचारात घेतली, ना ब्रेख्टने.

अग्निखड्गाचे नृत्य संपल्यावर दिवे लागले. ती उरलेली भांडी न्यायला परत आली. माझ्या समोर पोईची वाटी होती, अर्धी. आंबट होती, आणि चिंचेवाचून अळू खाण्याची सवय नसल्यामुळे घास रेंगाळत होता. वाटी नेऊ का, असे तिने विचारले. राहू द्या, म्हणाले.